गळ्यात कटर घालणारी पंचशीला

मुंबईच्या एका इंग्रजी मासिकात पंचशीलाचा फोटो छापून आला. त्याखाली लिहिलं होतं म्हणे, की या स्टायलिस्टबाई स्वतः एकही दागिना घालत नाहीत, गळ्यात फक्त स्टीलचं एक अनोखं पेंडंट घालतात. आमच्या बिल्डिंगमधल्या वकिलांनी मला ते मराठीत समजावून सांगितलं आणि मी हातातला ब्लाऊज मशीनवर टाकून हसत सुटलो. अहो, ते पेंडंट नाही. धागे कापायचा कटर आहे तो, चिमट्यासारखा, बोटाएवढा. भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत कपडे एक्सपोर्ट करणाऱ्या एका गाळ्यात कामाच्या पहिल्या दिवशी तिला तो मिळाला. हरवू नये म्हणून तिने काळ्या दोरीत ओवून गळ्यात घातला, तो आजतागायत तिथेच आहे. दोरी तेवढी बदलते.

मी दत्ताराम, लेडीज टेलर. स्टेशनपासून पाच मिनिटांवर माझं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, त्यात दोन मशीन, एक आरसा आणि लाइट असेल तेव्हा फिरणारा पंखा. गिऱ्हाईक म्हणतं, याचं काम चांगलं, तोंड वाईट. तोंडाचं खरं आहे. कामाचं कसं खरं झालं ते पुढे सांगतो. पंचशीलाबद्दल आता मोठमोठी माणसं बोलतात, तिने नवरी सजवायची रीतच बदलली, जाहिरातीतल्या बायका माणसात आणल्या, वगैरे. बोलोत बापडी. तिने माझ्या घरात काय केलं ते त्यांना ठाऊक नाही. ते मला सांगायचंय, आणि आभार मानायची सवय नसल्यामुळे थोडं लांबण लागेल.

आधी माझ्या बहिणीचं सांगतो. शेवंती माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटी. राजापूरकडे आमच्या शेजारच्याच गावात तिला दिली होती. लग्नाला दोन वर्षं होतायत न होतायत तोच नवरा काविळीने गेला. तेव्हा ती चोवीस वर्षांची. आमच्याकडे तेराव्याला विधवेला साडी माहेरची लागते आणि ती पांढरी लागते. वडील नव्हते, म्हणून साडी घेऊन मी गेलो. शिंप्याचा हात ना, बाजारात चार साड्या चाचपल्या, पोत बघितला आणि त्यातल्या त्यात चांगली निवडली. केवढा मूर्खपणा. बायकांनी मागच्या पडवीत तिला ती नेसवली. बाहेर आली तेव्हा ती रडली नाही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मला वाटलं की ही साडी आपण आपल्या हाताने टराटरा फाडावी. फाडली नाही. चार माणसं बसली होती.

महिन्याभरात तिला मी भाईंदरला घेऊन आलो. दुकानात ती मागच्या बाजूला बसते, हूक, काजं आणि तुरपाई सगळी तिच्याकडे. ती पांढरी साडी विरली, मग राखाडी आली, मातकट आली, धुवून धुवून रंग गेलेल्या आल्या. मी कधी अडवलं नव्हतं, पण कधी काही आणूनही दिलं नव्हतं. स्वतःचे ब्लाऊज ती उरल्यासुरल्या कापडातून अंदाजाने बेतायची. मला माप घेऊ द्यायची नाही. बसायचीसुद्धा आरशाकडे पाठ करून. अख्ख्या भाईंदरच्या बायकांचे ब्लाऊज मी शिवले, घरातल्या बहिणीचा एक नाही. तिने एकदा म्हणावं, दादा, माझ्यासाठी शीव, एवढी एकच माझी इच्छा होती. पण मी तो विषय काढत नव्हतो. कुठल्या तोंडाने काढणार, साडी मीच नेली होती.

सत्याऐंशी साली पंचशीला पहिल्यांदा दुकानात आली. एकोणीस-वीस वर्षांची, उंच, काटकुळी, केसांना चपचपीत तेल. तिचे वडील नानासाहेब परभणीकडचे, रेल्वेत गँगमन. फाटकापलीकडच्या चाळीत दोन खोल्यांत सहा माणसं राहायची. तिने निळं सुती कापड माझ्यापुढे ठेवलं.

“साधा शिवा, काका.”

“पायपिंग?”

“नको.”

“लेस? नवीन आलीय.”

“नको.”

“मागे लटकन?”

“काहीच नको.”

माझं डोकं फिरलं. “मग माझ्याकडे कशाला आलीस? उशीच्या खोळी शिवणारा पुढच्या गल्लीत आहे.”

दुसरी असती तर कापड उचलून चालू लागली असती. ही हसली. “दिवसभर जास्तीचं कापतेच आहे काका मी. घरी गेल्यावर स्वतःच्या अंगावर तरी कापायला काय नको.”

तिचं काम तेच होतं. शिवून झालेल्या शर्टांचे लोंबणारे धागे कापायचे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. माल तपासणारा चेकर प्रत्येक शर्ट उजेडात धरून ओरडायचा, “एक भी धागा नहीं मंगता.” बाकीच्या मुली त्याला शिव्या घालायच्या. ही मात्र त्यावर विचार करत बसायची. सुट्टीच्या दिवशी दुकानात येऊन शेवंतीशेजारी बसायची आणि सांगायची, “शेवंतीताई, शर्ट तोच असतो. पण एक लांब धागा लोंबला ना, की बघणाऱ्याची नजर तिकडेच जाते. कॉलर दिसत नाय, रंग दिसत नाय. तेवढा धागा काढला की शर्ट दिसायला लागतो.” शेवंती हसायची. शेवंती हसते म्हणून मी त्या पोरीला दुकानात बसू द्यायचो, नाहीतर रिकामं बसलेलं माणूस मला खपत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या थोरल्या बहिणीचं, वैजयंताचं लग्न निघालं. बौद्ध पद्धतीचं, समाजमंदिरात. नवरा-नवरी दोघंही पांढऱ्या कपड्यांत. मी हे ऐकून होतो, पण ऐकणं वेगळं आणि नवरीचं म्हणून पांढरं कापड आपल्या मशीनवर घेणं वेगळं. पंचशीलाने बजावलं होतं, “दत्ताकाका, एकदम साधा. ताईचा चेहरा दिसला पाहिजे.” मी हो म्हणालो. शिवायला बसलो आणि कापड नुसतंच चाचपत राहिलो. वैजयंताचं वय चोवीस. पांढरं सुती कापड. आणि हात परत माझाच. मला काही केल्या ते होईना. शेवटी मी माझ्या मनाने गळ्याला आणि दोन्ही बाह्यांना सोनेरी लेस लावली. दुकानातली सगळ्यात चांगली, दिवाळीसाठी राखून ठेवलेली. वर पुन्हा आपण त्या घरावर उपकार करतोय अशा थाटात इस्त्री करून घडी घातली.

लग्नाच्या आदल्या दुपारी पंचशीला ब्लाऊज न्यायला आली. घडी उघडून बघतच राहिली.

“काका, हे काय?”

“माझ्याकडून भेट,” मी म्हणालो. तिचा चेहरा बघून माझा आवाज चढला. “नवरीला कोरं पांढरं देत नाहीत. कोणाला देतात ते मला विचार.”

मागे शेवंतीची सुई थांबली. पंचशीलाने वळून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला कळलं असावं. आता ही चिडणार म्हणून मी तयारीत होतो, चिडलेल्या माणसाशी मला चांगलं बोलता येतं. पण ती चिडली नाही.

“आमच्यात नवरीच नेसते, काका. माझी आई नेसली. उद्या ताई नेसणार, नंतर कधीतरी मी. आमच्यात पांढरं आनंदाचं आहे.”

एवढं बोलून ती बाकड्यावर बसली, गळ्यातला कटर हातात घेतला आणि लेसेचा एकेक टाका उसवायला लागली. लेस सुटत गेली तसतसं माझं पितळ उघडं पडलं. गळा डावीकडे दोन सूत जास्त उतरला होता. उजव्या बाहीची पट्टी एका जागी मुरडली होती. चौदा वर्षं मी लेडीज टेलर होतो आणि चौदा वर्षं माझ्या चुका लेसेखाली घालत आलो होतो. इतकी सवय झाली होती की माझं मलाच ते ठाऊक नव्हतं. पंचशीला एवढंच म्हणाली, “हे जरा बघा ना, काका.”

मी गळा तीनदा उसवला आणि तीनदा शिवला. लेस काढलेल्या जागी सुईची बारीक भोकं दिसत होती, तर तिने ब्लाऊज पाण्यात बुडवला, पिळला आणि ओला असतानाच इस्त्री फिरवली. सूत फुगलं, भोकं मिटली. तिच्या गाळ्यात असंच करायचे. उसवलेली लेस मी रागाने कचऱ्यात भिरकावली. केर शेवंती काढायची, त्यामुळे पुढे त्या लेसेचं काय झालं ते मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि शेवंती लग्नाला गेलो. वैजयंता काही फार देखणी मुलगी नाही, रांगेत उभी केली तर लक्षात राहणार नाही. पण त्या दिवशी ती समाजमंदिराच्या दारातून आत आली आणि बोलणारी माणसं गप्प झाली. पांढरी साडी, माझा तो ब्लाऊज, वेणीत मोगरा. बस. शेजारणीकडून मागून आणलेला हार पंचशीलाने निघता निघता काढून ठेवला होता, केसांवर मारलेली चमकी धुवायला लावली होती. उरली ती वैजयंता. ती हसली की हसू दिसत होतं, घाबरली की घाबरणं दिसत होतं. वंदना संपल्यावर बायका विचारत होत्या, नवरीला तयार कोणी केलं? आणि ब्लाऊज कोणी शिवला? पंचशीलाने माझ्याकडे बोट दाखवलं. लेसेचं तिने तेव्हा सांगितलं नाही, नंतरही कोणाला सांगितलं नाही. मला शिवण शिकवणारे उस्ताद दादरला होते, पण माझी खरी गुरू ही पोरगी, हे मी आज कबूल करतो.

तिथून तिला बोलावणी यायला लागली. आधी नात्यातली, मग चाळीतली, मग कोणाकोणाची. गाळ्यातलं काम सांभाळून ती सुट्टीच्या दिवशी नवऱ्या तयार करायची. तिची पद्धत ठरलेली. नवरीला घरच्यांनी हवं ते सगळं घालू द्यायचं. मग खोलीतल्या आरशावर टॉवेल टाकायचा, नवरीला गॅलरीपर्यंत चालत जाऊन परत यायला सांगायचं आणि ती येताना बघत राहायचं. नजर जिथे अडकेल ती वस्तू काढायची. पुन्हा चालवायचं, पुन्हा एक काढायची. काढलेलं सगळं ती स्टीलच्या डब्यात ठेवून डबा नवरीच्या आईच्या हातात द्यायची, म्हणजे आईला वाटू नये की आपलं कोणी नाकारलं. शेवटी टॉवेल काढायचा. काही मुली आरशात बघून रडायच्या. चांगलं रडणं, असं ती म्हणायची.

एकदा मात्र ती सपशेल आपटली. मीरा रोडला एका नव्या बिल्डिंगमधल्या नवरीच्या दंडातली जुनी, काळवंडलेली वाकी तिने काढून डब्यात टाकली. मुलगी काही बोलली नाही, घाबरट होती. ऐन हॉलमध्ये तिच्या आईने डबा उघडला आणि हंबरडा फोडला. ती वाकी गेलेल्या आजीची होती, नातीच्या लग्नात दंडात असावी म्हणून आजीने मरताना काढून दिलेली. पंचशीलाला नको नको ते ऐकून घ्यावं लागलं. आठवडाभर ती दुकानात आली नाही. आली तेव्हा शेवंतीजवळ बसून म्हणाली, “माझंच चुकलं. कटर चालवायच्या आधी विचारायला पाहिजे होतं.” तेव्हापासून कशालाही हात लावण्याआधी ती नवरीला विचारते, “हे कोणाचं?” शेजारणीचं, दुकानातलं, सासूला दाखवायला आणलेलं, असं उत्तर आलं तर जातं. आणि आपलं असेल तर कितीही काळवंडलेलं असू दे, ती ते ठेवते.

जुन्या भाईंदरच्या कोळणीसुद्धा तिला बोलवायला लागल्या, आणि त्यांना सोनं कमी घाला म्हणणं हे काही खायचं काम नाही. हेमाली नावाच्या गुजराती मुलीच्या लग्नात तिच्या आजीने आधी भांडण काढलं आणि शेवटी नातीला बघून पंचशीलाबद्दल म्हणाली, “आ छोकरी बराबर छे.” त्याच लग्नात फोटो काढायला लोकेश आला होता. हा मीरा रोडला भाड्याने राहणारा पोरगा, एरवी मुंबईत जाहिरातींचे फोटो काढायचा, ओळखीखातर लग्नाला आला होता. त्याने पंचशीलाला विचारलं, “ताई, आमच्याकडे येता का? आमच्या मॉडेलवर लोक एवढं लादतात की मला फोकस कुठे करायचा तेच कळत नाय.” हे त्र्याण्णव साल. तिने गाळ्यातली नोकरी सोडली. नानासाहेबांना ते पसंत नव्हतं, चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. मीपण विचारलं, “स्टायलिस्ट म्हणजे केस कापणारी ना?”

केस नाही, पण बाकी सगळं तिने कापलं. मुंबईतले लोक ट्रंका भरभरून कपडे आणि दागिने आणायचे, ही त्यातल्या दोन वस्तू घ्यायची आणि बाकीच्या ट्रंका बंद करायची. पहिलं वर्ष सगळे तिला हसले. एकाने तोंडावर म्हटलं, “मॅडम, आपको कुछ करना नहीं आता क्या?” तीनेक वर्षांत तेच लोक तिची तारीख मिळावी म्हणून फोन करायला लागले. तिच्याकडे फोन नव्हता, नंबर माझ्या शेजारच्या केमिस्टचा दिलेला, आणि निरोप सांगायला केमिस्ट माझ्यावर ओरडायचा. ब्लाऊज मात्र ती माझ्याकडूनच शिवून घ्यायची. साधे, बिनलेसेचे, जिथे प्रत्येक टाका उघडा दिसतो. मी कुरकुर करत शिवायचो आणि मनातून फुगायचो. हळूहळू भाईंदरच्या नवऱ्यासुद्धा एक हार आणि एक गजरा घालून बोहल्यावर उभ्या राहायला लागल्या. आमचा मारवाडी लेसवाला वैतागून म्हणाला, “दत्ताभाऊ, ते तुमचा पंचशीला आपला धंदा बसवणार.”

एवढं सगळं होत होतं आणि शेवंती तिथेच होती, आरशाकडे पाठ करून. एक दिवस माझा तोल गेला. शेवंती पाणी भरायला गेली होती तेव्हा मी पंचशीलाला म्हणालो, “जगाला नेसवत फिरतेस. हिला काही सांगावंसं वाटत नाही का तुला? नऊ वर्षं शेजारी बसतेस.”

“त्या स्वतः म्हणाल्याशिवाय नाही, काका. न विचारता नेसवलेलं त्यांनी एकदा नेसलंय.”

मी मशीनवर वाकलो. बराच वेळ दोरा ओवता येईना.

शहाण्णवच्या हिवाळ्यात तिला हातमागाच्या साड्यांच्या एका कॅटलॉगचं काम आलं. बारा साड्या, बारा फोटो. तिने जागा निवडली पाली गाव, समुद्राकाठी लक्ष्मी नावाच्या कोळणीचं अंगण. सगळे ब्लाऊज मी शिवले होते. ऐनवेळी कमीजास्त करायला मी आणि हूक बघायला शेवंती, असे आम्ही दोघंही सकाळीच गेलो. अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते, मुंबईच्या दोन मॉडेल नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या आणि लक्ष्मी त्यांना बघून हसत होती. दहापर्यंत नऊ साड्या झाल्या. खाटेवर तीन राहिल्या: एक जांभळी, एक मोरपंखी, एक पांढरी.

“पुढची साडी चाळिशीच्या बाईवर पाहिजे मला,” पंचशीला लोकेशला म्हणाली. मग ती शेवंतीजवळ गेली. “शेवंतीताई, यातली एखादी तुम्ही नेसाल का? नको वाटलं तर नको.”

मला वाटलं शेवंती उठून निघून जाईल. ती खाली मान घालून बसली होती, हातात सुई तशीच. लोकेश म्हणाला, “ताई, ऊन चढतंय,” तर पंचशीलाने त्याला हातानेच गप्प केलं. मग शेवंतीने सुई कापडाला टोचून ठेवली आणि खाटेजवळ गेली. मी मनात म्हणत होतो, जांभळी घे, बाई, जांभळी घे. तिने तिन्ही साड्यांवरून हात फिरवला, शिंप्याच्या घरचा हात, पोत बघणारा. आणि पांढरी उचलली.

“शेवंते,” मी म्हणालो, “ती कशाला?”

“तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, दादा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. साडी घेऊन ती लक्ष्मीच्या घरात गेली.

बाहेर आली ती अठरा वर्षांपूर्वी पडवीतून आली होती तशीच पांढऱ्यात, आणि अजिबात तशी नाही. ताठ चालत आली. ब्लाऊज मॉडेलच्या मापाचा, पुढून बसला होता पण पाठीला ढगळ, म्हणून पंचशीलाने मागे कपडे वाळवायचे चार चिमटे लावून तो आवळला होता. टेलरच्या बहिणीच्या पाठीला चिमटे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचशीलाने नेहमीप्रमाणे तिला कुंपणापर्यंत चालवलं, परत बोलावलं, हात वर केला आणि तो तसाच राहिला. काढायला काहीच नव्हतं. कानात नाही, गळ्यात नाही, हातात नाही, कपाळावर नाही.

“माझं काम लोकांनी आधीच करून ठेवलंय,” ती हळूच म्हणाली. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, तिच्या डोळ्यांत पाणी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तिने वळून लक्ष्मीकडे पाहिलं. लक्ष्मीच्या अंबाड्यावर अबोलीची भरगच्च वेणी होती.

“लक्ष्मीताई, थोडी फुलं द्याल?”

लक्ष्मीने शेवंतीचं मोकळं कपाळ बघितलं, तिला काय समजायचं ते समजलं. तिने अंबाड्यातली वेणी सोडली आणि मधोमध तोडली. “घे गो बाय, अर्धी तुला. मना काय कमी न्हाय.”

पंचशीलाने फुलं शेवंतीपुढे धरली. ती माळणार तेवढ्यात शेवंती म्हणाली, “दे इकडे. मी माळते.”

तिला आरसा लागला नाही. बोटांना आठवत होतं. लोकेशने फोटो काढले, आणि मी बोंबलांच्या आड उभा राहून धोतराने... नाही, धोतर मी नेसत नाही, मापाच्या टेपने डोळे पुसले. टेपने डोळे नीट पुसले जात नाहीत, पण गळ्यात तीच होती.

आता शेवटचं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, मशीनला तेल घातलं. शेवंती मागे जाऊन बसली नाही. आरशासमोर येऊन उभी राहिली, तोंड आरशाकडे.

“दादा,” ती म्हणाली, “काल चिमटे फार टोचले. माझं माप घे एकदा.”

मी माप घेतलं. खांदा, छाती, कंबर, बाही. आकडे बोलायचे असतात आणि लिहायचे असतात, माझ्याने बोलवेना, म्हणून तीच टेपवर वाकून वाचत होती आणि मी लिहीत होतो. कापड तिने कपाटातून स्वतः काढलं, अबोली रंगाचं. मग आपला हुकांचा पत्र्याचा डबा उघडला, तळाशी हात घातला आणि पुठ्ठ्याला नीट गुंडाळलेली सोनेरी लेस बाहेर काढली. वैजयंताच्या ब्लाऊजवरची. आठ वर्षांपूर्वी केरातून उचलून ठेवलेली.

“ही लाव. गळ्याला आणि बाह्यांना.”

मी आधी ब्लाऊज संपूर्ण शिवला, कोरा, एक सूत इकडेतिकडे न होऊ देता. मग लेस लावली. माझ्या आयुष्यात झाकायला काही नसताना लावलेली ती पहिली लेस.

महिन्याने पंचशीला कॅटलॉग घेऊन दुकानात आली. शेवंती तोच ब्लाऊज घालून बसली होती, आरशाकडे तोंड करून. पंचशीला दारातच थबकली. सवयीने शेवंतीभोवती एक चक्कर मारली, सवयीनेच तिचा हात गळ्यातल्या कटरकडे गेला. बोट तिने लेसेवर ठेवलं.

“हे कोणाचं, शेवंतीताई?”

“माझं,” शेवंती म्हणाली.

“मग राहू दे,” पंचशीला म्हणाली, आणि नेहमीच्या जागी जाऊन तिच्याशेजारी बसली.